आठ माणसं, सहा फुटी टेबल: एका मांडणीचा पूर्ण हिशेब

प्रकरण साधं आहे. घरी सहा पाहुणे येणार, यजमान दोघं, म्हणजे एकूण आठ जण. संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. टेबल १८० सेमी लांब, ९० सेमी रुंद आणि ७५ सेमी उंच, चार कोपऱ्यांत चार पाय. खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, आणि तिच्या एका लांब भिंतीला ४० सेमी खोल बुटकं कपाट. सजावटीचं सामान हौसेने जमवलेलं होतं: चारी बाजूंनी भरपूर खाली येणारा टेबलक्लॉथ, त्यावर ३५ सेमी रुंद सॅटिनचा रनर (टेबलाच्या मधोमध लांबीने टाकायचा कापडी पट्टा), ३३ सेमी व्यासाच्या सोनेरी चार्जर प्लेटा (जेवणाच्या प्लेटखाली ठेवायच्या मोठ्या शोभेच्या प्लेटा), मधोमध उंच फुलदाणी, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून चार उंच मेणबत्त्या, आणि प्रत्येक ग्लासात पंख्यासारखा खोवलेला नॅपकिन.

पाहुणे येण्याआधी काढलेल्या फोटोत टेबल देखणं दिसतं. वाढायला सुरुवात झाली आणि मांडणी मोडत गेली. पहिलं मोठं भांडं ठेवायला जागा मिळेना म्हणून फुलदाणी उचलून जमिनीवर गेली. मग मेणबत्त्या कपाटावर गेल्या. रनर सरकत एका टोकाला गोळा झाला. एक पाहुणे उठताना टेबलक्लॉथ त्यांच्याबरोबर चार बोटं ओढला गेला आणि एक ग्लास कलंडला. जेवण संपेपर्यंत सजावटीतलं काहीही मूळ जागी उरलं नव्हतं.

यातली एकही वस्तू वाईट नव्हती, आणि म्हणूनच हे प्रकरण तपासण्यासारखं आहे. चूक निवडीत नव्हती, क्रमात होती. आधी सामान ठरलं आणि मग ते टेबलावर बसवलं गेलं. माणसं, ताटं, ग्लास आणि वाढायची भांडी यांना लागणारी जागा कुणी मोजलीच नव्हती. घरच्या टेबलावर सजावटीला मिळते ती हे सगळं वजा करून उरलेली जागा, आणि ती वाटते त्यापेक्षा फार कमी असते. म्हणून तेच टेबल आधी मोजून दुसऱ्यांदा मांडलं. पुढचा हिशेब या दोन मांडण्यांचा.

टेबलावर नेमकी किती जागा उरते

एका माणसाला आरामात जेवायला टेबलाच्या कडेने ६० सेमी रुंदी लागते. ५५ मध्ये निभावतं, ५० वर कोपरं एकमेकांना लागायला लागतात. १८० सेमीच्या बाजूला तीन माणसं म्हणजे प्रत्येकी बरोबर ६०. दोन्ही बाजू मिळून सहा आणि दोन टोकांना एकेक, असे आठ. कागदावर हे छान जमतं.

टेबलाचे पाय मात्र या हिशेबात नसतात. इथे प्रत्येक पाय ७ सेमी जाड आणि कडेपासून २ सेमी आत आहे. म्हणजे लांब बाजूला दोन पायांच्या मधली मोकळी जागा १६२ सेमी. खुर्च्या ४८ सेमी रुंद. प्रत्येकाला ६० सेमी देऊन खुर्ची त्याच्या मधोमध ठेवली, तर टोकाच्या खुर्चीचा मध्य टेबलाच्या कडेपासून ३० सेमीवर येतो आणि तिची बाहेरची कड ६ सेमीवर. पायाची आतली कड ९ सेमीवर आहे. खुर्ची पायाला अडते, आत जातच नाही. बसणारा माणूस टेबलापासून लांब, तिरका बसतो आणि घास ताटावरून तोंडाकडे नेताना मांडीवर सांडतो.

उपाय सोपा आहे. तिघांना थोडं मध्याकडे सरकवायचं. खुर्च्यांचे मध्य कडेपासून ३५, ९० आणि १४५ सेमीवर. दोन माणसांमधलं अंतर ५५ होतं, दोन खुर्च्यांमध्ये ७ सेमी फट राहते आणि टोकाच्या खुर्च्या पायांच्या आत बसतात. हात असलेल्या रुंद खुर्च्या या बाजूला चालणार नाहीत. अशा दोनच असतील तर त्या टोकांना द्याव्यात, तिथे पायांच्या मध्ये ७२ सेमी मिळतात.

आता आडवी मोजणी. प्लेट टेबलाच्या कडेपासून अडीच सेमी आत ठेवतात. २७ सेमीची जेवणाची प्लेट २९.५ सेमीवर संपते. उजवीकडे सुरीच्या टोकाच्या वर पाण्याचा ग्लास, तो साधारण ३४ सेमीपर्यंत जातो. ग्लास उचलायला आणि परत ठेवायला बोटांची जागा धरली की एका माणसाची मांडणी ३७ सेमी खोल होते. समोरासमोर दोन मांडण्या म्हणजे ७४. टेबल ९० सेमी रुंद. मध्ये उरले १६.

लांबीतही हीच गोष्ट. टोकाला बसलेल्या दोघांच्या मांडणीला प्रत्येकी ४० सेमी लागतात. १८० मधून ८० गेले, १०० उरले. आठ माणसांच्या या टेबलावर सजावट, पाण्याचे जग, मीठ आणि वाढायची भांडी या सगळ्यांसाठी मिळून १०० बाय १६ सेमीची एक पट्टी आहे. वाढायचं एक मध्यम भांडं २५ ते २८ सेमी व्यासाचं असतं. ते या पट्टीत बसत नाही, सजावट काढून टाकली तरीही. फुलदाणी जमिनीवर गेली त्याचं कारण हेच, आणि नुसती फुलदाणी हलवून ते सुटणार नव्हतं.

कोपऱ्यातली टक्कर

टोकाचा माणूस आणि त्याच्या शेजारचा लांब बाजूचा माणूस, या दोघांच्या मधला कोपरा बहुतेक मांडण्यांमध्ये आधी फसतो. तो इथे सविस्तर पाहू, कारण नुसतं डोळ्यांनी पाहून त्याचा अंदाज येत नाही.

३३ सेमीच्या चार्जर प्लेटा कडेपासून अडीच सेमी आत ठेवल्या तर टोकाच्या प्लेटचा मध्य टोकापासून १९ सेमीवर आणि रुंदीच्या मधोमध, म्हणजे ४५ वर येतो. शेजारच्या प्लेटचा मध्य पहिल्या मांडणीत टोकापासून ३० सेमीवर आणि लांब कडेपासून १९ वर. या दोन मध्यांमधलं अंतर साधारण २८ सेमी भरतं. दोन्ही प्लेटांना एकमेकींना न लागण्यासाठी किमान ३३ हवेत. म्हणजे चारही कोपऱ्यांत प्लेटा एकमेकींवर जवळपास ५ सेमी चढत होत्या. यजमानांनी त्या चढू नयेत म्हणून कोपऱ्यांजवळच्या लांब बाजूच्या प्लेटा मध्याकडे सरकवल्या होत्या. त्यामुळे तिथे बसलेल्यांची प्लेट त्यांच्या बरोबर समोर नव्हती, बाजूला होती. खुर्च्या मध्याकडे सरकवून ३५ वर आणल्या तरी हे अंतर ३१ च्या आतच राहतं. थोडक्यात, या टेबलावर आठ जणांना चार्जर प्लेटा बसतच नाहीत.

२७ सेमीच्या प्लेटा असतील तर सरकवलेल्या खुर्च्यांनंतर कोपऱ्यात दोन प्लेटांमध्ये साडेसात सेमीच्या आसपास मोकळी जागा मिळते. काटा आणि सुरी त्यात राहतात. टोकाच्या माणसाच्या ग्लासाचं मात्र पाहावं लागतं. नेहमीप्रमाणे तो सुरीच्या टोकाच्या वर ठेवला तर शेजाऱ्याच्या प्लेटच्या कडेवर जातो. म्हणून टोकाच्या दोन्ही जागांवर ग्लास जवळजवळ सरळ प्लेटच्या वर, मध्याच्या किंचित उजवीकडे ठेवायचा. बाकी सहा जागांवर तो नेहमीच्या जागी राहतो. हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही, पण तो केला नाही तर संध्याकाळभर दोघं जण एकमेकांचं पाणी उचलत राहतात.

डावखुरी व्यक्ती असेल तर तिला टोकाची जागा द्यावी. लांब बाजूला मध्ये बसवलं तर तिचं डावं कोपर प्रत्येक घासाला शेजाऱ्याच्या उजव्या कोपराला लागतं.

कापड: किती खाली सोडायचं

पहिला टेबलक्लॉथ १८० बाय २७० सेमीचा होता. ९० बाय १८० च्या टेबलावर तो चारी बाजूंनी ४५ सेमी खाली येत होता. खुर्चीची बैठक जमिनीपासून ४५ सेमी उंच, टेबल ७५, म्हणजे टेबलाच्या वरच्या कडेपासून बैठक ३० सेमी खाली. कापड बैठकीच्याही १५ सेमी खाली लोंबत होतं. खुर्ची पुढे ओढली की ते मांडी आणि बैठक यांच्यात अडकतं, आणि माणूस उठला की त्याच्याबरोबर ओढलं जातं. ग्लास कलंडला तो पाहुण्याच्या निष्काळजीपणामुळे नाही. लांब लोंबणारं कापड ज्या टेबलाशी कुणी बसणार नाही त्यासाठी ठीक आहे. बसून जेवायच्या टेबलावर २० ते ३० सेमी पुरे. २५ धरलं तर इथे १४० बाय २३० चं कापड लागतं.

सुती कापड नवं असेल तर पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटू शकतं. २३० सेमीचं कापड २२० च्या आसपास येऊन दोन्ही टोकांना २० सेमीच उरतात. तेवढ्याने बिघडत नाही, पण बेतून शिवणार असाल तर कापड आधी धुऊन, वाळवून मगच कापावं.

त्याच्याखाली जाड फ्लॅनेल किंवा फेल्टचं अस्तर घालणं आम्ही कधीच वगळणार नाही. ते टेबलाच्या मापाचं किंवा प्रत्येक बाजूला फार तर ५ सेमी जास्त असावं, टेबलक्लॉथखालून दिसू नये. त्याने तीन कामं होतात: वरचं कापड सरकत नाही, प्लेट ठेवल्याचा आवाज येत नाही, आणि गरम भांड्याचा लाकडाला थेट चटका बसत नाही. गरम भांड्याखाली जाड आसन तरीही हवंच, अस्तर त्याची जागा घेत नाही.

इस्त्री करताना कापड किंचित दमट असावं. इस्त्री झाल्यावर घडी घातली की घडीच्या रेघा टेबलभर दिसतात. त्यापेक्षा ते पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावं किंवा आदल्या रात्रीच टेबलावर अंथरून ठेवावं. टेबलावर अंथरल्यावर राहिलेल्या रेघांवर तिथेच वाफेची इस्त्री फिरवायचा मोह होतो. पॉलिश केलेल्या लाकडावर हे करू नये. उष्णता आणि वाफ अस्तरातून खाली पोचते आणि पॉलिशवर पांढुरका डाग धरतो. हाताने पाण्याचा हलका फवारा मारून कापड ताणून ठेवलं की सुती कापडातल्या बारीक चुण्या रात्रभरात बऱ्याच बसतात.

रनर काढून टाकला. ३५ सेमी रुंद रनर मधोमध टाकला की त्याची कड टेबलाच्या कडेपासून साडेसत्तावीस सेमीवर येते. नेमका तिथेच ग्लास उभा राहतो: अर्धा रनरवर, अर्धा टेबलक्लॉथवर, खाली शिवणीचा उंचवटा. असा ग्लास हलक्या धक्क्यानेही पडतो. रनर हवाच असेल तर तो मधल्या पट्टीइतका, म्हणजे १५ सेमीच्या आत असावा आणि सॅटिनचा नसावा. गुळगुळीत कापडावर गुळगुळीत कापड टिकत नाही. दुसऱ्या मांडणीत फुलांच्या वाट्या आल्या (त्या पुढे येतील), त्यामुळे त्याची गरजही नव्हती.

फुलं

जुनी फुलदाणी २२ सेमी उंच, त्यावर ३० सेमी फुलं, एकूण ५२ सेमी. बसलेल्या प्रौढ माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११५ ते १२५ सेमीवर असतात, म्हणजे टेबलाच्या वर ४० ते ५० सेमी. फुलांचा सगळ्यात दाट भाग बरोबर त्याच उंचीवर होता. समोरच्याशी बोलायला प्रत्येक जण मान बाजूला काढत होता, आणि थोड्या वेळाने टेबलाच्या दोन टोकांची दोन वेगळी संभाषणं झाली. पाहुण्यांना बोलावून त्यांना एकमेकांपासून झाकून ठेवणारी सजावट कितीही सुंदर असली तरी ती टेबलावर नको.

उंची २५ सेमीच्या आत ठेवावी. मोजपट्टी नसेल तर खुर्चीत बसून कोपर टेबलावर टेकवायचं. मनगटाच्या वर काही जाऊ नये. उंच रचनाच करायची असेल तर फुलं टेबलापासून ६० सेमीच्या वर सुरू व्हावीत आणि खालचा दांडा बारीक असावा. घरच्या टेबलावर, डोक्यावर लोंबता दिवा असताना, ते जमवणं कठीण आहे.

दुसऱ्या मांडणीत एका फुलदाणीच्या जागी तीन वाट्या घेतल्या: मधली १२ सेमी व्यासाची, बाजूच्या दोन १० सेमीच्या. मधल्या वाटीत सात ते नऊ फुलं, बाजूच्या प्रत्येकीत पाच-सहा, म्हणजे वीसेक फुलं आणि थोडा पाला. फुलं वाटीच्या बाहेर दोन सेमीपेक्षा जास्त झुकू नयेत, नाहीतर १६ सेमीची पट्टी ओलांडून ग्लासात डोकावतात.

रुंद तोंडाच्या वाटीत फुलं उभी राहत नाहीत, ती कडेला पसरतात आणि मध्ये खड्डा पडतो. त्यासाठी तळाशी पाच-सहा सेमीचा पिनहोल्डर, म्हणजे देठ रोवायला टोकदार खिळे असलेली जड चकती, ठेवावा. तो नसेल तर पारदर्शक चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या वाटीच्या तोंडावर आडव्या-उभ्या चिकटवून जाळी करावी आणि एकेका घरात एकेक देठ रोवावा. वाटीची कड पूर्ण कोरडी असतानाच चिकटपट्टी धरते, म्हणून जाळी आधी, पाणी नंतर. फुलं रोवायचा हिरवा फोम वापरायचा असेल तर तो पाण्यावर नुसता सोडून आपोआप बुडू द्यावा. हाताने दाबला तर आत हवेचे कोरडे कप्पे राहतात आणि तिथे रोवलेलं फूल संध्याकाळच्या आत मान टाकतं. एकदा वाळलेला फोम पुन्हा नीट पाणी धरत नाही, आणि त्याचे कण प्लास्टिकचे असतात. पिनहोल्डर असताना आम्ही फोमकडे जाणार नाही.

फुलं आदल्या संध्याकाळी आणून देठ दोन-तीन सेमी तिरपे कापावेत, पाण्यात बुडणारी सगळी पानं काढावीत आणि रात्रभर थंड, सावलीच्या जागी खोल पाण्यात ठेवावीत. पाण्यात राहिलेली पानं कुजतात, पाणी गढूळ होतं आणि देठाची तोंडं बुजतात. टेबलावरची रचना पाहुणे यायच्या तासभर आधी करावी. वाट्यांत पाणी मात्र टेबलावर ठेवल्यानंतर ओतावं, काठापासून दोन सेमी खाली. भरलेली वाटी उचलून आणताना कापडावर ओला डाग पडतोच.

फुलं निवडताना वास पाहावा. निशिगंध आणि वासाची लिली सुंदर आहेत, पण पानातल्या अन्नाचा वास त्यांच्यापुढे टिकत नाही. ती दाराशी ठेवावीत. लिली ठेवलीच तर तिचे पुंकेसर फूल उमलताच काढावेत. परागाचा केशरी डाग कापडावर पडला तर पुसू नये आणि पाणीही लावू नये, दोन्हींनी तो धाग्यांत शिरतो. चिकटपट्टी अलगद टेकवून पराग उचलावेत आणि मग कापड झटकावं. कण्हेरीसारखी विषारी फुलं किंवा पानं जेवणाच्या टेबलावर नकोतच. कार्नेशन वापरणार असाल तर पिकलेल्या फळांची टोपली त्यांच्या शेजारी ठेवू नये: पिकताना फळांतून इथिलीन वायू निघतो आणि कार्नेशन त्याने लवकर कोमेजतात.

मेणबत्त्या आणि दिवा

मेणबत्त्या टेबलावरून पूर्ण काढल्या. हा निर्णय यजमानांना रुचला नव्हता, पण १६ सेमीच्या पट्टीत ज्योत आणि फूल यांच्यात सुरक्षित अंतर राहत नाही. त्यावरून आठ माणसांचे हात जग घ्यायला येतात-जातात. सैल बाही आणि उघडी ज्योत यांची भेट व्हायला एवढं पुरे. शिवाय छताचा पंखा चालू असेल तर ज्योत एका बाजूला झुकते, मेण एकाच कडेने ओघळतं आणि धूर होतो. मेणबत्त्या कपाटावर गेल्या, जाड काचेच्या ग्लासांमध्ये, ज्योतीपेक्षा उंच काठ असलेल्या. वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापलेली. सुवासिक मेणबत्त्या जेवणाच्या खोलीत नकोत, कारण वर फुलांबद्दल सांगितलं तेच.

खोलीत ६५०० केल्विनचा पांढरा दिवा होता. त्या प्रकाशात हस्तिदंती कापड राखाडी दिसतं आणि अन्नाचे लाल-तपकिरी रंग फिके पडतात. तो बदलून २७०० केल्विनचा पिवळसर दिवा लावला आणि कापड, प्लेटा, फुलं यांचे रंग पुन्हा पाहिले. हे रंग दिवसा खिडकीपाशी ठरवून उपयोग नाही, ज्या दिव्याखाली जेवण होणार त्याखालीच ठरवावेत. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या प्लेटा हरवतात. इथे गडद हिरवे नॅपकिन घेतल्यावर प्रत्येक जागा वेगळी उठून दिसली. पूर्ण टेबलावर रंगाचं एवढं एकच काम पुरेसं होतं. लोंबता दिवा असेल तर त्याची खालची कड टेबलाच्या वर ७५ ते ९० सेमी असावी.

टेबल कुठे ठेवायचं

खोली ३ मीटर रुंद, टेबल ९० सेमी. मधोमध ठेवलं की दोन्ही बाजूंना १०५ सेमी राहतात. पण एका बाजूला ४० सेमीचं कपाट, म्हणजे तिकडे फक्त ६५. बसलेल्या माणसाची खुर्ची टेबलाच्या कडेपासून ४५ ते ५० सेमी घेते, उठायला किमान ६० लागतात. त्या बाजूच्या तिघांच्या मागून कुणीच जाऊ शकत नव्हतं, आणि वाढायचं सगळं एकाच बाजूने चाललं होतं.

टेबल २० सेमी सरकवल्यावर दोन्हीकडे ८५ झाले. भांडं हातात घेऊन थोडं तिरकं होऊन जाता येतं. ९० असते तर आणखी बरं. एक गोष्ट याने बिघडते: छताचा लोंबता दिवा आता टेबलाच्या मध्यावर राहत नाही आणि एका रांगेच्या चेहऱ्यांवर सावली पडते. दिव्याची वायर छतातल्या जादा हुकवरून २० सेमी सरकवली. हुक दिव्याचं वजन पेलणारा आणि पक्का बसवलेला असावा. टेबल सरकवल्यावर दिवा विसरणं फार सहज होतं.

वाढायची सगळी भांडी या कपाटावर गेली. डावीकडून उजवीकडे, ज्या क्रमाने वाढायचं त्या क्रमाने, प्रत्येक भांड्यात त्याचा वाढणी चमचा आणि चमचा टेकवायला शेजारी छोटी बशी. बशी नसेल तर पहिल्या फेरीनंतर ओला चमचा कापडावर विसावतो. टेबलावर फक्त पाण्याचे दोन जग आणि मीठ-मिरीची एक जोडी राहिली. २५० मिलिलिटरचे आठ ग्लास भरायला २ लिटर पाणी लागतं, म्हणून लिटरभराचे दोन जग, १२ सेमीपेक्षा जाड नसलेले.

पट्टीची अंतिम मांडणी अशी झाली: जग १२, मोकळी जागा १०, छोटी वाटी १०, मोकळी ८, मोठी वाटी १२, मोकळी ८, छोटी वाटी १०, मोकळी १०, जग १२. बेरीज ९२ सेमी. १०० च्या पट्टीत ८ सेमी हाताला राहतात. मीठ-मिरी एका बाजूच्या १० सेमीच्या मोकळ्या जागेत. जगाखाली कोस्टर हवाच, थंड पाण्याच्या जगाला बाहेरून घाम सुटतो आणि कापडावर ओलं वर्तुळ उमटतं.

एक जागा, आणि वेळेचा क्रम

प्लेटच्या डावीकडे काटा, उजवीकडे सुरी आणि तिच्या बाहेर चमचा. सुरीची धार प्लेटकडे. सगळ्यांची खालची टोकं प्लेटच्या खालच्या कडेच्या रेषेत. जे आधी वापरायचं ते सगळ्यात बाहेर. आणि जे लागणारच नाही ते मांडायचं नाही, ५५ सेमीत तेवढी चैन परवडत नाही. गोडाचे चमचे कपाटावर ठेवून गोडाबरोबरच द्यावेत.

नॅपकिन ग्लासातून काढले. खोवलेला कडक नॅपकिन रिकामा ग्लास वरून जड करतो, आणि पाणी ओतायच्या आधी आठही जणांना तो काढावा लागतो. ४० सेमीचा चौकोनी नॅपकिन उभा तीन पदरी दुमडला की १३ सेमीची पट्टी होते, ती मध्ये अर्धी करून प्लेटवर ठेवायची. डावीकडे ठेवला तर काट्याच्या जागेवर येतो, म्हणून इथे प्लेटच बरी. दोन ग्लास आणि दोन नॅपकिन जादा, कपाटाच्या खणात हाताशी.

आदल्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे फक्त दोन जागा पूर्ण मांडून पाहणं: एक टोकाची आणि तिच्या शेजारची. खुर्च्यांवर दोन माणसं बसवून, ग्लास उचलायला लावून. कोपरा जमला तर टेबल जमतं. त्याच रात्री अस्तर आणि कापड अंथरायचं. दुसऱ्या दिवशी चारेक तास आधी प्लेटा, काटे-सुऱ्या आणि गरम पाण्याच्या वाफेवर धरून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलेले ग्लास. ग्लास पाहुणे येईपर्यंत उपडे ठेवू नयेत, कापडाचा वास आत कोंडतो. फुलं तासभर आधी, जग आणि पाणी अगदी शेवटी, पाहुणे दारात आल्यावर.

माणसं कमी झाली तर हिशेब कसा बदलतो

याच टेबलावर सहा जण, तेही फक्त लांब बाजूंना बसले, तर टोकांची ८० सेमी परत मिळतात. पट्टी १८० बाय १६ ची होते, कोपऱ्यातली टक्कर नाहीशी होते आणि चार्जर प्लेटांना निदान रुंदीत जागा मिळते. कडेपासून आत लागणाऱ्या जागेच्या हिशेबात मात्र त्या अजूनही महाग पडतात: ३३ सेमीची प्लेट कडेपासून साडेपस्तीस सेमीपर्यंत जाते, ग्लास धरून मांडणी ४० होते आणि पट्टी १६ वरून १० वर येते. चार्जर आणि फुलं यांतलं एकच निवडावं लागतं. सहा जणांसाठी आम्ही फुलं निवडू, कारण चार्जर प्लेट मुख्य पदार्थ येताच तशीही झाकली जाते. मेणबत्त्याही मग टेबलावर परत येऊ शकतात, पण पट्टीच्या दोन टोकांना, जिथे कुणी बसलेलं नाही, आणि जवळच्या फुलांपासून किमान ३० सेमी लांब.